चाळीस जणांची मेलिंग लिस्ट, स्वतःच्या सर्व्हरवर

एका पत्त्यावर मेल टाकायचा आणि तो गटातल्या सगळ्यांना पोचायचा. कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. दोन वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं होतं ते शोधायचं, तर सगळा पत्रव्यवहार एका जागी. मेलिंग लिस्टचं काम एवढंच. १९८६ साली एरिक थॉमस नावाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लिस्टसर्व्ह लिहिलं, तोवर यादीत नावं घालायला आणि काढायला एक माणूस बसलेला असायचा. त्याचं काम प्रोग्रॅमकडे गेलं आणि मग तो प्रोग्रॅम सांभाळायला दुसरा माणूस लागायला लागला. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

गटात दहा-वीस माणसं असतील आणि महिन्याला चार मेल होत असतील, तर सर्व्हर उभा करू नका. तयार सेवा घ्या आणि मोकळे व्हा. स्वतःचा सर्व्हर हवा तो यादी आणि जुने मेल आपल्या ताब्यात राहावेत म्हणून. याहू ग्रुप्स ही अशीच एक तयार सेवा १५ डिसेंबर २०२० ला बंद झाली, पण तिथला जुना मजकूर त्याआधीच काढून टाकलेला होता. ज्यांनी वेळेत उतरवून घेतला नाही, त्यांचा तो गेला.

सॉफ्टवेअर बसवायला एक दुपार पुरते. पण दुसऱ्यांच्या सर्व्हरनी तुमच्या सर्व्हरचा मेल निमूट आत घ्यावा, इतकी पत मिळवायला आठवडे जातात आणि ती घालवायला एक रात्र पुरते. म्हणून इथे इन्स्टॉलेशन थोडक्यात उरकलंय आणि पत मिळवण्याच्या भानगडीवर जास्त वेळ घालवलाय. आणखी एक: नावं मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

लिफाफा आणि पत्र

पुढचं सगळं कळायला एकच गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. ईमेलला दोन प्रेषक असतात. एक लिफाफ्यावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि वाचणाऱ्याला दिसत नाही. दुसरा आतल्या पत्रावरचा, म्हणजे मेल उघडल्यावर ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो. साध्या मेलमध्ये दोन्ही एकच असतात. लिस्टवर ते वेगळे होतात. पत्र लिहिलेलं असतं सभासदाने, पण लिफाफा लिस्टने नवा घातलेला असतो आणि त्याच्यावर परतीचा पत्ताही लिस्टचाच असतो. त्यामुळे न पोचलेला मेल लिहिणाऱ्याकडे न जाता लिस्टकडे परत येतो. सोय उत्तम आहे, आणि मेलिंग लिस्टच्या बहुतेक दुखण्यांचं मूळही इथेच आहे.

जागा आणि नाव

लिनक्स चालणारा भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या. दोन जीबी मेमरी असली की चाळीस-पन्नास जणांचं निवांत चालतं. पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: पोर्ट २५ (सर्व्हरच्या क्रमांकित दारांपैकी एक) बाहेर जायला उघडं आहे का? सर्व्हर एकमेकांशी याच पोर्टवर मेलची देवाणघेवाण करतात, आणि स्पॅमच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी ते मुळातच बंद ठेवलेलं असतं. काही जण विनंती केल्यावर उघडून देतात, काही देत नाहीत. मी एकदा हे न विचारता दोन दिवस पोस्टफिक्सची, म्हणजे मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग उलटसुलट करत बसलो होतो. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, प्रत्येक ओळीला ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. दोष सेटिंगचा नव्हताच.

सर्व्हर मिळाल्यावर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, स्पॅमहाउससारख्या स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत तपासा. तुमच्याआधी तो कुणी वापरला आणि कशाला, ते तुम्हाला माहीत नसतं. यादीत सापडला तर भांडत बसू नका, दुसरा मागून घ्या.

डोमेन असेलच, तरी लिस्टसाठी त्याचं उपडोमेन वापरा. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं नाव घेऊ या: तुमचं डोमेन एक्झाम्पल डॉट ओआरजी असेल, तर लिस्ट ठेवायची लिस्ट्स डॉट एक्झाम्पल डॉट ओआरजी या नावावर. लिस्टची काही गडबड झालीच, तर मुख्य डोमेनवरच्या रोजच्या मेलना त्याची झळ कमी लागते.

आता डीएनएस, म्हणजे इंटरनेटची नाव-पत्त्यांची वही. तीन रेकॉर्ड लागतात. ‘ए’ रेकॉर्ड नावावरून आयपी सांगतं. ‘एमएक्स’ रेकॉर्ड या नावाचा मेल कुठे द्यायचा ते सांगतं. तिसरं ‘पीटीआर’, म्हणजे उलटं: आयपीवरून नाव. पहिली दोन डोमेनच्या पॅनेलमध्ये भरता येतात, पीटीआर मात्र सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या पॅनेलमध्ये असतं. नवखी मंडळी इथे हमखास चुकतात, कारण डोमेनच्या पॅनेलमध्ये कितीही शोधलं तरी ते सापडत नाही. सर्व्हर स्वतःचं जे नाव सांगतो, ए रेकॉर्डमध्ये जे आहे आणि पीटीआरमध्ये जे आहे, ही तिन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. सर्व्हरला आयपीव्ही६ (आयपीचा नवा, लांब प्रकार) पत्ता असेल तर त्याचंही पीटीआर भरा. भरता येत नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. अर्धवट आयपीव्ही६ पेक्षा ते नसलेलं बरं.

पोस्टफिक्स

मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स घ्या. विट्से वेनेमा यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९८ पासून लोकांच्या वापरात आहे आणि मुळातली सेटिंग शहाणपणाची आहेत. डेबियन या लिनक्सवर बसवताना तो विचारतो, सर्व्हर कोणत्या प्रकारचा? ‘इंटरनेट साइट’ निवडा, पूर्ण नाव द्या, झालं. पोस्टफिक्स आपणहून कुणाही परक्याचा मेल पुढे पाठवत नाही. तसा पाठवायला लागला की त्याला ‘ओपन रिले’ म्हणतात आणि स्पॅमवाले काही तासांत वास काढत येतात. म्हणून ‘मायनेटवर्क्स’ या, विश्वासू यंत्रांच्या ओळीत स्वतःच्या यंत्राखेरीज काहीही घालू नका, कोणत्याही मार्गदर्शकात काहीही लिहिलेलं असो.

जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र लगेच घेऊन ठेवा. मेललाही लागतं आणि वेबलाही. त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते, पण सर्टबॉट हा प्रोग्रॅम स्वतःहून नूतनीकरण करतो.

मेलमन बसवताना

लिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्पा आहे, हलकंफुलकं एमएलएमएमजे आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने मेलमन घ्यावं असं माझं मत आहे. अडलं तर विचारायला माणसं भेटतात. फक्त आवृत्ती तिसरी घ्या. इंटरनेटवर अजूनही मेलमन २ बसवण्याच्या सूचना ढिगाने सापडतात. ती आवृत्ती पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते, आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

मेलमन ३ तीन भागांत आहे. ‘कोअर’ मेल घेतो आणि वाटतो, ‘पोस्टोरियस’ हे सेटिंगचं वेबपान, आणि ‘हायपरकिटी’ हा जुन्या मेलचा संग्रह. डेबियनवर ‘मेलमन३-फुल’ हे एकच पॅकेज तिन्ही आणतं. डेटाबेस विचारेल तेव्हा एसक्यूलाइट सोडून पोस्टग्रेएसक्यूएल घ्या. पुढे वेबसाठी एनजिनेक्स हा वेब सर्व्हर उभा करा.

आता पोस्टफिक्स आणि मेलमनची गाठ. तुम्ही लिस्ट तयार केली की मेलमन काही फायली आपणहून लिहितो: कोणते पत्ते माझे आणि ते माझ्याकडे कसे आणून द्यायचे. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’, ‘लोकल रेसिपियंट मॅप्स’ आणि ‘रिले डोमेन्स’ या ओळींत त्या फायलींचे मार्ग द्यायचे. सोबत ‘ओनर रिक्वेस्ट स्पेशल’ला ‘नो’ म्हणायचं. हे शेवटचं विसरलं, तर लिस्टच्या ‘ओनर’ आणि ‘रिक्वेस्ट’ पत्त्यांना पोस्टफिक्स स्वतःच्या पद्धतीने वागवू पाहतो. त्यानंतर पोस्टफिक्स मेल मेलमनला ८०२४ या पोर्टवर हातोहात देतो. हे पोर्ट यंत्राच्या आतच राहू द्या, बाहेर उघडू नका.

बारीकशी, पण लाज आणणारी गोष्ट. वेबचा भाग जँगो या तयार सांगाड्यावर लिहिलेला आहे आणि जँगो सुरुवातीला साइटचं नाव एक्झाम्पल डॉट कॉम असं धरून चालतो. ते व्यवस्थापकाच्या पानावर जाऊन बदललं नाही, तर सभासदांना पहिलाच मेल जातो तो ‘एक्झाम्पल डॉट कॉमवर आपलं स्वागत’ असा. अर्धे लोक तो फसवणुकीचा समजून डिलीट करतात, आणि बरोबरच करतात.

पत: तीन सह्या

इथे घाई करू नका.

एसपीएफ हे डीएनएसमधलं एक ओळीचं रेकॉर्ड. त्याचा अर्थ: या नावाचा लिफाफा फक्त या सर्व्हरवरून निघेल. लिस्टच्या उपडोमेनसाठी ‘एमएक्समधून येईल तो खरा, बाकी सगळा नाकारा’ एवढंच पुरतं.

डीकेआयएम ही पत्रावरची सही. सर्व्हर खाजगी किल्लीने प्रत्येक मेलवर सही करतो, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवतो, घेणारा पडताळून पाहतो. ओपनडीकेआयएम किंवा आरस्पॅमडी हे काम करतात. किल्ली २०४८ बिटांची घ्या. ती लांबलचक असते आणि डीएनएसमध्ये मजकुराचा एक तुकडा जास्तीत जास्त २५५ अक्षरांचा चालतो. म्हणून ती दोन तुकड्यांत, प्रत्येकाला वेगळं अवतरणचिन्ह देऊन भरावी लागते. काही पॅनेल हे स्वतः करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. भरल्यावर ‘डिग’ या आज्ञेने बाहेरून वाचून अक्षरं पडताळा.

डीमार्क या दोहोंवर बसतं आणि विचारतं: वाचणाऱ्याला जो ‘फ्रॉम’ दिसतोय, त्याच डोमेनचं एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालं का? नसेल तर काय करायचं, ते ‘फ्रॉम’च्या डोमेनचा मालक ठरवतो. काहीच नको, बाजूला टाका, किंवा सरळ नाकारा.

आता लिफाफा आणि पत्र आठवा. सभासदाने याहूच्या पत्त्यावरून लिस्टला लिहिलं. लिस्टने विषयापुढे कंसात गटाचं नाव जोडलं, तळाला ‘सभासदत्व रद्द करण्यासाठी’ची ओळ चिकटवली, नवा लिफाफा घातला. मजकूर बदलला, म्हणजे याहूची सही मोडली. लिफाफा लिस्टचा, म्हणजे एसपीएफ पास झालं तरी ते लिस्टच्या नावाचं, याहूच्या नाही. ‘फ्रॉम’ मात्र अजून याहूचाच. घेणाऱ्याच्या नजरेतून हा याहूचं सोंग घेतलेला मेल झाला. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपलं धोरण ‘नाकारा’ असं केलं, पाठोपाठ एओएल या दुसऱ्या मेलसेवेनेही, आणि जगभरच्या लिस्ट आडव्या झाल्या. गंमत बघा: याहूवाल्या सभासदाने लिहिलं की तो मेल इतरांच्या सर्व्हरनी परत पाठवायचा. लिस्ट समजायची की या इतरांचेच पत्ते बिघडलेत, आणि त्यांना यादीतून काढायची. लिहिणारा राहिला जागेवर, वाचणारे बाहेर.

यावरचा उपाय मेलमनमध्ये ‘डीमार्क मिटिगेशन्स’ या पानावर आहे. कृती म्हणून ‘फ्रॉमच्या जागी लिस्टचा पत्ता’ निवडा. त्याखाली विचारलेलं असतं, हे सरसकट करायचं का? बरेच जण ‘नाही’ ठेवतात, म्हणजे फक्त कडक धोरणाच्या डोमेनना ते लागू होतं. मी ‘हो’ करतो. नाहीतर काही सभासदांचे मेल स्वतःच्या पत्त्याने दिसतात, काहींचे लिस्टच्या, आणि ‘माझंच नाव असं का येतं?’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो. लिहिणाऱ्याचं नाव तसंही दिसतं आणि त्याचा पत्ता उत्तराच्या रकान्यात राहतो.

स्वतःच्या उपडोमेनचं डीमार्क रेकॉर्ड सुरुवातीला ‘काहीच नको’ असं ठेवून अहवाल मागवा. महिनाभर सगळं सुरळीत दिसलं की कडक करा.

लिस्टची सेटिंग

नवी लिस्ट तयार करताना शैली विचारली जाते. खाजगी संग्रहाची शैली निवडा. साध्या शैलीत संग्रह सगळ्या जगाला खुला असतो, आणि आपण लिहिलेलं सर्च इंजिनात सापडतंय हे सभासदांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

सभासद व्हायला पुष्टी सक्तीची ठेवा: मेल गेला, त्याने होकार दिला, मगच नाव यादीत. ओळखीच्या चाळीस जणांना एकदम घालताना ही पायरी टाळण्याचा मोह होतो. घाला, पण आधी प्रत्येकाला विचारलेलं असू द्या. न विचारता आलेल्या मेलवर ‘स्पॅम’चं बटण दाबायला एक क्षण लागतो आणि तो डाग सर्व्हरच्या नावावर लागतो.

बाहेरच्यांचे मेल थेट नाकारू नका, रोखून धरा. सभासद हमखास दुसऱ्याच पत्त्यावरून लिहितात आणि मग विचारतात, माझा मेल गेला कुठे?

मेलच्या आकाराची मर्यादा मुळात ४० किलोबाइट असते. कुणी पहिला फोटो जोडला की तो अडकतो. ती एखाद्या मेगाबाइटपर्यंत वाढवा. त्याहून मोठं काही असेल तर दुवा पाठवायला सांगा.

आणि उत्तर कुणाला जावं? ‘रिप्लाय’ दाबल्यावर ते लिहिणाऱ्याला जावं की लिस्टला, यावर लोक दशकानुदशकं भांडताहेत. लिस्टला जावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोयीचा आहे आणि तो मलाही पटायचा. मग आमच्या गटात एकाने दुसऱ्या सभासदाबद्दलची चार तिखट वाक्यं ‘फक्त तुला सांगतो’ म्हणून लिहिली आणि ती छत्तीस जणांनी वाचली. पाठवलेला मेल परत घेता येत नाही. तेव्हापासून मी उत्तर लिहिणाऱ्यालाच जाऊ देतो. ज्याला सगळ्यांना सांगायचंय त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबावं. चुकलंच तर फार तर एक मेल कमी लोकांना जातो.

चाचणी

चाळीस जणांना आमंत्रण देण्याआधी चार पत्त्यांवर आठवडाभर चालवा. ते चारही वेगवेगळ्या सेवांचे असू द्या. प्रत्येकावरून लिहा, प्रत्येकावर पोचलं का बघा, आणि पोचलेल्या मेलचं मूळ रूप उघडा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ म्हणून आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. एक जरी ‘फेल’ असेल तर पुढे जाऊ नका.

दुसऱ्या खिडकीत पोस्टफिक्सचा लॉग उघडा ठेवा. ‘स्टेटस’पुढे ‘सेंट’ आणि नंतर २५० आकडा दिसला की समोरच्याने मेल घेतला. इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये, ते लॉग सांगत नाही. ‘डेफर्ड’ आणि ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. नव्या आयपीला हे बरेचदा ऐकावं लागतं. पोस्टफिक्स आपणहून पाच दिवस प्रयत्न करत राहतो, तुम्ही काही करू नका. ‘बाउन्स्ड’ आणि ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. त्या ओळीत कारण लिहिलेलं असतं. शेवटपर्यंत वाचा, बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

चाचणीत जीमेलवाला एक जण नक्की म्हणेल, मी लिहिलं ते मलाच परत आलं नाही. बरोबर आहे. स्वतःच पाठवलेल्या मेलची लिस्टवरून फिरून आलेली प्रत जीमेल इनबॉक्समध्ये पुन्हा दाखवत नाही. हे स्वागताच्या मेलमध्येच लिहून ठेवा, निम्मे प्रश्न वाचतील.

सुरू झाल्यावर

परत येणारे मेल मेलमन मोजतो. एका सभासदाचा मेल परत आला की त्याच्या खात्यावर एक गुण, दिवसाला जास्तीत जास्त एकच. पाच झाले की त्याला मेल पाठवणं थांबतं, आठवड्याच्या अंतराने तीन सूचना जातात, आणि मग नाव निघतं. ही व्यवस्था चांगली आहे, तिला हात लावू नका. पण एकाच दिवशी एकाच सेवेच्या सगळ्या सभासदांवर गुण चढले, तर दोष त्यांचा नाही, तुमच्या सर्व्हरचा आहे. लगेच लॉग बघा.

‘मी रजेवर आहे’ची स्वयंचलित उत्तरं अधूनमधून त्रास देतील. मेलमन प्रत्येक मेलवर ‘हा लिस्टचा आहे’ अशी खूण घालतो आणि शहाणे प्रोग्रॅम ती बघून गप्प बसतात. एखादा बसत नाही. त्या सभासदाचं वितरण तो परत येईपर्यंत थांबवा, त्याला यादीतून काढू नका.

बॅकअप रोज, आणि तो दुसऱ्या यंत्रावर. डेटाबेस, मेलमनची माहितीची डिरेक्टरी, सेटिंगच्या फायली आणि डीकेआयएमची खाजगी किल्ली, एवढं हवंच. सभासदांची यादी सीएसव्हीमध्ये महिन्यातून एकदा वेगळी उतरवून ठेवा. सर्व्हर कोसळला तर बाकी सगळं पुन्हा उभं करता येतं, पण माणसांचे पत्ते गेले तर ‘आपला सर्व्हर पडलाय’ हे कळवायलाही काही उरत नाही.

व्यवस्थापकाचा पासवर्ड आणि डोमेनच्या खात्याची माहिती गटातल्या आणखी एका माणसाकडे द्या. सर्व्हरचं भाडं आणि डोमेनचं नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे, तेही त्याला सांगून ठेवा. त्या आठवणीचे मेल लिस्टच्याच डोमेनवरच्या पत्त्यावर मागवू नका. डोमेन संपलं की तो पत्ताही बंद.